वहिनींच्या शब्दावर

मेहबूबभाई, तुम्ही गेलात हे सांगायला माणूस आला तेव्हा मी आधी विश्वासच ठेवला नाही. दुःखामुळे नव्हे, स्वभावामुळे. तो माणूस अर्धवट ऐकून पुढे पळवणाऱ्यांपैकी, म्हणून मी त्याला उभ्या उभ्या विचारलं, कुणी पाहिलं, कुठे, कधी? त्यानं तिन्हीची उत्तरं बरोबर दिली. मग मी शटर ओढून घेतलं आणि आत स्टुलावर बसून राहिले. ‘आमची वहिनी म्हंजी फौजदार हाये, राव, देवाला बी पावती मागंल,’ असं तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायचात, ते तेव्हा आठवलं आणि रडूच फुटलं.

तुमचा चाळिसावा होऊन आठवडा झाला. तुम्ही गेलात त्याच दिवशी ओट्यावरच्या तुमच्या मशीनवर मी कापड टाकलं. लोक भांडी घेतात आणि विचारतात, नाव कोण घालून देणार? मी सांगते, सध्या कुणी नाही. काहीजण भांडं तिथेच ठेवून निघून जातात. जुन्नरच्या पेठेत भांड्यांची दुकानं काय कमी आहेत? आमच्याकडे यायचे ते तुमच्या अक्षरासाठी, हे मला माहीत होतं. तुमच्यासमोर मात्र कधी कबूल केलं नाही, नाहीतर तुम्ही डोक्यावर बसला असतात.

ह्यांना तुम्ही पहिल्यांदा भेटलात बेल्ह्याच्या बाजारात. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. जनावरांच्या बाजाराच्या कडेला जमिनीत भट्टी लावून, एका हातानं भाता ओढत, तुम्ही पितळी पातेल्याला कल्हई करत होतात. ह्यांनी घरी येऊन सांगितलं, ‘एक वेडा पाहिला. कथलाची कांडी कानाशी नेऊन वाकवतो आणि ऐकतो.’ मला लगेच शंका आली, हा कसला जादूटोणा! पुढे तुम्हीच दाखवलंत. चोख कथील वाकवलं की करकरतं. त्यात शिसं मिसळलेलं असेल तर ते मुकं होतं. ‘खरा माल बोलतो, वहिनी. खोटा गप बसतो.’ तुमचं हे वाक्य मी नंतर कुठेकुठे वापरलं म्हणून सांगू! दूधवाल्यापासून सोयऱ्याधायऱ्यांपर्यंत.

स्टील आलं आणि कल्हई संपली. ह्यांनी तुम्हाला नाव घालायचं मशीन आणून दिलं, दुकानाच्या ओट्यावर जागा दिली, आणि दोन वर्षांत स्वतःच देवाघरी निघून गेले. दुकान माझ्या गळ्यात पडलं. तुम्ही तेव्हा म्हणालात, ‘आमी हाये न्हवं,’ आणि खरंच राहिलात. तेव्हा आभार मानले नव्हते. मनात आलं होतं, याला काय हवं असेल? दहा वर्षं मी वाट पाहिली, तुम्हाला काही हवं नव्हतं. आज एवढं तरी लिहून टाकते, की माझी ती शंका खोटी ठरली याचा मला फार आनंद आहे.

तुमचा एक हट्ट होता, भांड्यावर खोटं घालायचं नाही. आपल्याकडे आहेरात आलेलं भांडं पुढच्या लग्नात ढकलायची रीत कुणाला नवी आहे? लोक जुनं नाव घासून वर नवं घालून मागायचे. ओतूरच्या एका मामांनी तांब्या आणला होता, त्यावर दुसऱ्याच मामांचं नाव. तुम्ही मशीन बंद केलंत. ‘खाली घालून देतो तुमचं नाव. वरचं न्हाई खोडनार. त्यांनी दिलं व्हतं ते खरं, तुमी देताय ते बी खरं.’ मामा तणतणत गेले. मी तुमच्यावर ओरडले, ‘गिऱ्हाईक घालवता तुम्ही!’ तुम्ही म्हणालात, ‘स्टीलवर घातलेलं जात न्हाई, वहिनी. आपून जातो.’

हा हट्ट कुठून आला, ते तुम्ही मला एकदाच सांगितलंत. दुपारची वेळ होती, पेठ सुस्त होती, आणि तुम्ही एकाएकी बोलायला लागलात. तुम्ही पोरसवदा असताना उस्तादाच्या हाताखाली गावोगाव फिरत होतात. एका वर्षी उस्तादानं आणलेलं कथील बोलत नव्हतं. तुम्ही कानाशी धरलंत, तुम्हाला कळलं, आणि तुम्ही गप्प बसलात. त्या वर्षी घोडेगाव ते मंचर किती घरांतल्या पातेल्यांना ते विषारी शिसं लागलं! त्या पातेल्यांत आमट्या शिजल्या, चिंच पडली, बाळांची पेज झाली. ‘कुनाला काय झालं का, मला ठावं न्हाई. काईच झालं नसंल. पन ठावं न्हाई ना, वहिनी, त्येच खातं.’ एवढं बोलून तुम्ही बिडी पेटवलीत आणि एका तांब्यावर कुणा नवरीचं नाव घालायला घेतलंत.

म्हणजे आपण दोघेही संशयी. फरक एवढाच की मी दुसऱ्यांवर संशय घ्यायची आणि तुम्ही स्वतःपासून सुरुवात करायचात.

मग ती पिंपं आली. स्वस्तातली ती छोटी गाडी निघाली होती आणि ‘नॅनो’ म्हटलं की लोकांना गाडीच आठवायची, त्या सुमाराची गोष्ट. पुण्याहून एका कंपनीचा माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, हातात बॅग, तोंडात साखर. पाण्याची तोटीची स्टील पिंपं, आणि आतून म्हणे चांदीचा लेप, इतक्या बारीक कणांचा की डोळ्यांना दिसायचा नाही. पाणी ताजं राहतं, जंतू मरतात. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘नॅनो सिल्व्हर’. लेप बाहेरच्या देशातून आलेल्या मालाचा. मी विचार केला, चांदीचं नाव आणि स्टीलचा भाव, गिऱ्हाईक तुटून पडेल. आणि पडलंच की. राजुरी, बेल्हे, पार आळेफाट्याच्या हॉटेलवाल्यांनीसुद्धा नेली.

तुम्ही मात्र एक पिंप मांडीवर घेऊन आत बोट फिरवत बसलात. बोट पाहिलंत, नखानं खरवडून पाहिलंत. ‘दिसत न्हाई, लागत न्हाई, वास न्हाई. मंग जातंय कुठं?’

तो माणूस हसला. ‘चाचा, चांदी आहे. चांदीच्या वाटीत आपण बाळाला दूध पाजतो की. तीच वस्तू.’

‘तीच?’ तुम्ही म्हणालात. उठलात, आतून कानस आणलीत, एक जुना खिळा घासून कागदावर त्याचा कीस पाडलात. काडी ओढलीत. आधी खिळा जाळावर धरलात, काही झालं नाही. मग चिमूटभर कीस त्याच जाळावर सोडलात. तडतड ठिणग्या उडाल्या आणि तो इस्त्रीचा शर्ट दोन पावलं मागे सरला. ‘लोखंड त्येच, साहेब. बारीक केलं की सोभाव बदलला. तुमच्या चांदीचा सोभाव काय झाला, त्ये खोक्यावर कुठं लिवलंय?’

तो म्हणाला, असं लिहिण्याचा नियम नाही. खरं बोलला बिचारा. मीही त्या दिवशी हसले, पण तुमच्याकडे बघून नव्हे, त्याच्याकडे बघून. धंदा त्याच्याकडून यायचा होता.

वर्षभरात नवीन खोकी आली आणि त्यांवरून ‘नॅनो’ गायब. नुसतं ‘शुद्ध पाण्यासाठी’. तुम्ही जुनं खोकं जपून ठेवलं होतं. दोन्ही शेजारी ठेवून मला हाक मारलीत. मी त्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, ‘माल सेम आहे मॅडम, फक्त प्रिंटिंग बदललं. बाहेरच्या देशांत त्या शब्दावर प्रश्न विचारायला लागलेत, म्हणून वरून काढायला सांगितलं.’ मी हे तुम्हाला जसंच्या तसं सांगितलं आणि तुमचा चेहरा पाहिला. कथील गप्प बसलं की व्हायचा तसा. ‘गुन सांगायचा तवा नाव व्हतं. सवाल आला तवा नाव गेलं.’ झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती अशी.

तुम्ही मला पत्र लिहायला लावलंत. मापं-दर्जा बघणाऱ्या सरकारी कचेरीला. मजकूर तुमचा, अक्षर माझं. उत्तर येणार नाही अशी माझी खात्री होती, पण आलं, इंग्रजीत. राजुरीचे बबनराव द्राक्षं बाहेरदेशी पाठवतात, त्यांना असल्या कागदांची सवय. त्यांनी ओट्यावर बसून वाचून सांगितलं. किती बारीक असलं की नॅनो म्हणायचं, यावर देशादेशांचं अजून एकमत नाही. ते होईपर्यंत कुठल्या एका देशानं लेबल सक्तीचं केलं, तर माल पाठवणारे देश म्हणू शकतात की हा व्यापाराला अडसर घातला. मग ज्यानं सक्ती केली त्यानंच ती का गरजेची ते दाखवायचं. विषय सगळ्या देशांच्या समितीपुढे आहे.

‘म्हंजी डब्यात काय हाये त्ये लिवायला बी जगाची परवानगी?’ तुम्ही विचारलंत.

बबनराव म्हणाले, ‘भाई, माझ्या द्राक्षाच्या पेटीवर बाग कुठली त्याचा नंबर लागतोय. काय फवारलं, कवा फवारलं, समद्याचा कागद. एक कागद कमी पडला तर पेटी बंदरातनं माघारी. तिथं कोन म्हनत न्हाई अडसर झाला म्हनून.’

‘आन त्यांचा माल हिकडं येतो तवा?’

‘तवा चांदी ती चांदी.’

मला बबनरावांचाही संशय आला, खरं सांगते. हेच बबनराव पेठेतल्या बाजारात नेतात त्या द्राक्षांच्या पाट्यांवर कसला नंबर आणि कसला कागद! बाहेरच्यांनी विचारलं म्हणून लिहायचं, आपल्या माणसांनी विचारलं नाही म्हणून नाही लिहायचं. हे मी बोललेसुद्धा. बबनरावांनी चहा संपवला आणि उठले. आणि तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, ‘मंग आपून लिवू. आपल्या दुकानात.’ माझाच दगड माझ्याच पायावर पडला.

तेव्हापासून पिंपावर नाव घालताना तुम्ही नावाखाली बारीक अक्षरांत घालायला लागलात, ‘आत नॅनो चांदीचा लेप’. गिऱ्हाईक विचारायचं, हे काय? तुम्ही सांगत बसायचात. वाईट आहे असं एकदाही म्हणाला नाहीत. ‘वाईट का चांगलं त्ये मला ठावं न्हाई. हाये, एवढं ठावं.’ निम्मी गिऱ्हाइकं पिंप खाली ठेवून साधा हंडा घेऊन जायची. कंपनीच्या माणसानं पाहिलं आणि साखर विरघळली. म्हणाला, मालावर परस्पर काही कोरलं तर यापुढे माल मिळणार नाही. कुठलाच नाही, कुकरसुद्धा नाही.

त्या दिवशी आपलं झालं ते भांडण अजून मिटलेलं नाही. मी म्हणाले, जगातल्या शहाण्यांच्या समितीला जमेना ते तुम्ही ओट्यावर बसून करणार? तुम्ही म्हणालात, त्यांना सगळ्या जगाचं बघायचंय, आपल्याला चार गावांचं. मी म्हणाले, दुकान माझं आहे. हे वाक्य मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा उच्चारलं होतं. तुम्ही मान हलवलीत आणि दुसऱ्या दिवसापासून नुसती नावं घालायला लागलात. चार-पाच दिवसांनी पिंपांवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटलेल्या दिसल्या. मी त्या ओल्या फडक्यानं काढल्या. तुम्ही पुन्हा लावल्यात, मी पुन्हा काढल्या. एकमेकांशी याबद्दल एक शब्द नाही. मग त्या यायच्या थांबल्या आणि मला वाटलं, जिंकले.

आता ते सांगते, जे तुम्हाला सांगायचं राहिलं.

गेल्या उन्हाळ्यात तुमच्या घरचा माठ फुटला. माझ्याकडे साधी पिंपं संपली होती, लेपाची दोन पडून होती. मी त्यातलं एक ओट्यावर आणून ठेवलं. म्हटलं, हे घरी घेऊन जा, माझ्याकडून. तुम्ही विचारलंत, ‘यात त्ये न्हाई ना, वहिनी?’ मी म्हणाले, ‘नाही हो. साधं आहे.’

कनवाळूपणानं नाही बोलले. डोक्यात वेगळंच होतं. म्हटलं, पिऊ देत सहा महिने. मग दिवाळीला फराळाचं ताट देताना सांगीन, बघा, ठणठणीत आहात की नाही? कशाला चार गावांना घाबरवत होतात? मला फक्त भांडण जिंकायचं होतं. एवढीशी गोष्ट. तुम्ही पिंप उचललंत, आत बोट फिरवलंत, टिचकी मारून कानाशी नेलंत आणि म्हणालात, ‘तुमी म्हनताय तर साधं.’ मग ओट्यावरून मशीनची घरघर ऐकू आली. स्वतःचं नाव घालत असतील, असं समजून मी आत हिशेबाला बसले.

दिवाळीच्या आधीच तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणाले, हृदय. वय होतं, बिड्या होत्या, दोन वर्षांपूर्वी एकदा छातीत दुखलंही होतं. पिंपाचा यात काही संबंध नाही, हे मला कुणीही समजावून सांगेल, आणि मीही दुसऱ्या कुणाला असंच समजावलं असतं. पण तुमचं ते ‘ठावं न्हाई’ आता माझ्याकडे राहायला आलंय. सकाळी पाण्याचा पेला उचलला की माझ्या आधी ते तोंडाला लावतं.

काल तुमच्या घरून शमीमभाभी आल्या. पदराखाली तेच पिंप. तोटी गळत होती, वॉशर बदलून हवा होता. मी पिंप उलटं केलं आणि बुडाशी तुमचं अक्षर दिसलं. तुमचं नाव नव्हतंच. लिहिलं होतं: ‘आत साधं स्टील. वहिनींच्या शब्दावर.’

मेहबूबभाई, मी तिथेच ओट्यावर बसले.

आधी वाटलं, भाबडेपणानं घातलंत. मग माझा स्वभाव जागा झाला. तुम्ही भाबडे कधी होतात? जुनी खोकी जपणारे तुम्ही. माझ्या आतल्या खोलीत कुठला माल उरलाय हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक. चिठ्ठ्या कोण काढतं हेही ठाऊक. तुम्ही ओळखलं असणार. आणि खोटं तर घालायचं नाही. मग तुम्ही एवढंच घातलंत की वहिनी असं म्हणाल्या. त्यात एक अक्षर खोटं नाही. त्या कंपनीला, त्या समितीला, त्या कचेरीला जे जमलं नाही ते तुम्ही एका ओळीत केलंत. आत काय आहे म्हणतात ते लिहिलंत, आणि कुणाच्या भरवशावर तेही लिहिलंत. तुम्हाला माहीत होतं का? सगळं माहीत असूनही रोज त्यातलं पाणी पीत होतात का, मी कधी बोलते याची वाट बघत? की खरंच माझ्यावर विश्वास होता? यातलं कुठलं जास्त वाईट, तेच मला ठरवता येत नाही.

भाभींना वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, ‘काय लिवलंय वं त्यांनी? रोज घासताना हाताला लागायचं. विचारलं तर म्हनायचे, वहिनीला इचार.’

म्हणजे माहीत होतं तुम्हाला.

मी भाभींना वाचून दाखवलं. मग सांगितलं, ‘भाभी, हे खरं नाही. यात लेप आहे. मी त्यांच्याशी खोटं बोलले.’ भाभी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मी दुसरं, साधं पिंप आणून त्यांच्यापुढे ठेवलं, तेव्हा त्यांनी ते टिचकी मारून पाहिलं, तुमच्यासारखं. माझ्या मालाला भाभींची टिचकी पहिल्यांदाच बसली. बरोबर केलं त्यांनी.

मग मी तुमच्या मशीनवरचं कापड काढलं. वीस वर्षं ते माझ्या डोळ्यांसमोर होतं, पण हातात कधी धरलं नव्हतं. ते हातात एवढं उसळतं, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. तुमचं अक्षर मी खोडलं नाही. वरचं खोडायचं नसतं, खाली घालायचं असतं. वाकडंतिकडं का होईना, घातलं. आज ते पिंप दुकानात पुढच्या फळीवर उलटं ठेवलंय, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता यावं असं. कंपनीच्या माणसाला येऊ दे, कुकर बंद करू दे.

घालून झालं तेव्हा भाभींनी त्यावरून बोट फिरवलं. माझी अक्षरं तुमच्यापेक्षा खोल गेली होती. ‘आता काय लिवलं, वहिनी?’ त्यांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं, भाई. ‘आत चांदीचा लेप आहे. मला माहीत होतं.’ आणि खाली माझं नाव, पूर्ण.